उस्तादांचा वस्तरा आणि खाजकुइलीची पूड

उस्तादांच्या हाताखाली गिऱ्हाइकं झोपी जात. गळ्यावर वस्तरा फिरतोय आणि माणूस खुशाल घोरतोय, याचा त्यांना कोण अभिमान! “माझ्या खुर्चीत जागा राहिलेला माणूस अजून जन्मायचाय,” असं ते बेधडक सांगत.

मग उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, नंतर अख्खा पंजा. फेस करताना ब्रश वाटीवर असा आपटे की ती किणकिण सगळ्या दुकानाला ऐकू जाई. कात्री कशीबशी चालली असती, पण वस्तरा? तो सोडावा लागला तर उस्ताद म्हणून उरायचं काय?

बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून कंपवात सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. थोरली बहीण, आक्का, हे ऐकून हसलीच. तिच्या परसातल्या कुंपणावर खाजकुइलीचा वेल माजला होता. त्याच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून वेडा होतो, पण आतल्या बिया म्हणजे कंपावरचं जुनं औषध. आक्का हातांना फडकी गुंडाळून शेंगा काढी, बिया दुधात उकळी, सोलून वाळवी आणि कुटून पूड करी.

“गोळ्या-बिळ्या सोड. सकाळ-संध्याकाळ चमचाभर घे, मग मला सांग,” ती म्हणाली.

आता उस्ताद कुणाचेही केस कापतील, पण या दोघींपैकी एकीचंही मन मोडणं त्यांच्या बापाच्याने झालं नसतं. घरी गोळी, दुकानात पूड, आणि दोघींना ताकास तूर लागू दिली नाही. हाताची थरथर थांबली. बायको आणि बहीण मनातल्या मनात आपापली पाठ थोपटू लागल्या. उस्तादांना जोर चढला आणि त्यांनी चमचा शिगोशीग भरायला सुरुवात केली.

मग खांदा आपोआप उडायला लागला, मान डुलायला लागली. “गाणं घोळतंय डोक्यात,” उस्ताद म्हणत.

एका सकाळी मास्तर दाढीला बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, रोजचे, जुने दोस्त. वस्तरा कानाखाली आला आणि उस्तादांचं कोपर उसळलं. टॉवेल लाल झाला. “चालायचंच,” म्हणत मास्तर तुरटी लावून निघून गेले. पण उस्तादांच्या मनात आलं, घाव थोडा खाली बसला असता तर? भर गर्दीत त्यांनी दुकान बंद केलं, पुडीचा डबा उचलला, बायको-बहिणीला घेऊन दवाखाना गाठला आणि दोघींसमोर सगळं ओकले.

“माझ्याशी खोटं बोललात?” बायको म्हणाली.

“तुझ्याशीच काय, माझ्याशीपण,” आक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी डबा हातात घेतला. “आक्का, पूड काही खोटी नाही. गोळीत जे औषध आहे तेच या बियांत आहे. तिथेच घात झाला, एकच औषध यांनी दोन दारांनी घेतलं, आणि ते जास्त झालं की अंग असं आपोआप उडतं. गोळीत किती ते मला माहीत असतं. चमच्यात किती ते तुम्हाला तरी सांगता येईल का?”

जन्मात कुणाला हार न गेलेली आक्का “तेवढं नाही सांगता येणार,” म्हणाली, आणि डबा पिशवीत टाकला.

पूड बंद झाली. गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या मापाने ठरल्या, मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत. गोळी लागू पडली की काही वेळ हात अगदी स्थिर राही. वस्तरा तेवढ्याच वेळात उघडायचा, एरवी फक्त कात्री, असं उस्तादांनी ठरवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला कारणासकट सांगितलं. लोक केस कापून घेत आणि दाढी घरीच करतो म्हणत. उस्ताद मात्र रोज त्या वेळेला वस्तऱ्याला धार लावून उभे राहत.

शेवटी मास्तर आले. कानाखाली खपली तशीच होती. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच टॉवेल गळ्याभोवती घेतला.

“भीती नाही वाटत?” उस्तादांनी विचारलं.

“त्या दिवशी तुला वाटली ना,” मास्तर म्हणाले. “नसती वाटली तर आलो नसतो.”

उस्तादांनी हात पुढे धरून पाहिला, आणि मास्तरांची हनुवटी वर केली.