उजव्या पायाला कमी पडलेली पट्टी

लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात त्या म्हाताऱ्याचा उभा जन्म गेला होता. सगळे त्याला 'कडक' म्हणत. घडी कडक, चहा कडक, बोलणंही कडक. बायको गेल्यावर तो मुलाकडे राहायला आला, पण दुकान काही सोडलं नाही.

अंगाला खाज सुटली तेव्हा त्याने साबणाला शिव्या घातल्या. मग हातांवर पाण्याने भरलेले टपोरे फोड आले.

"वाफ लागली असेल," तो म्हणाला.

इस्त्रीवाल्याच्या हाताला फोड, त्यात नवल ते काय! पण पुढे पोटावर आणि पोटऱ्यांवरही फोड उठले, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, सदरा अंगात असतानाच इस्त्री फिरवलीत का?"

तो हसला नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. तपासणीत कळलं, शरीराची राखण करणारी शक्तीच कातडीवर उलटली होती.

"म्हणजे घरचेच फितूर," कडक म्हणाला.

"तसंच समजा. फोड आटोक्यात येतील. पण या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, सुरुवातीला जास्तच. पडून राहू नका. एकच पाय सुजला, दम लागला, तर तडक निघून या."

घरी आल्यावर मुलाने वेगळंच ठरवलं. "कातडी सोलवटतेय आणि चालायचं कसलं? जन्मभर उभे राहिलात, आता जरा आडवे व्हा."

कडक आडवा झाला. पाऊल टाकलं की जखमा ओढल्या जायच्या, ते सुनेला बघवत नव्हतं. तिनेही त्याला उठवलं नाही.

गोळ्या आणि मलमाने फोड सुकू लागले. खपल्या गळाल्या. घरच्यांच्या जिवात जीव आला. कडकचं बोलणं मात्र दिवसेंदिवस कमी होत गेलं.

पोटऱ्यांच्या जखमांसाठी सून सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापायची. एका सकाळी डाव्या पायाला पट्टी पुरून टोक उरलं. उजव्याला ती कमी पडली. तिने सुजेवर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. पाय गरम लागत होता.

"कधीपासून आहे हे?"

"झाले असतील काही दिवस. उद्या बघू."

"छातीत काही होतंय का?"

"श्वास पुरत नाही, पोरी. तुम्ही सगळे इतके खुशीत होतात, म्हणून बोललो नाही."

मुलाने आणि शेजाऱ्याने त्याला खुर्चीसकट जिना उतरवला. पायात गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन बसला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "मीच झोपवलं त्यांना."

"धोका आजाराचाच होता. पडून राहिल्याने वाढला. कशाने किती, ते मलाही सांगता येणार नाही."

कडक वाचला. आता रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही. दुकान दुसऱ्याने घेतलं. परवा मनगटावर पुन्हा खाज सुटली, तेव्हा त्याने बाही खाली ओढली. सुनेने ते पाहिलं.

तो खोलीत येरझाऱ्या घालतो. काम करता करता तिचा कान त्या पावलांकडे असतो. पावलं थांबली की तिचे हातही थांबतात.

"बाबा?"

उत्तर येतं. कधी लगेच, कधी जरा उशिरा.