सव्वीस पेपर, एकच चूक

आठव्या पेपरात तेच उत्तर दिसलं तेव्हा गंमत वाटली. पंधराव्याला मी चष्मा पुसला. गठ्ठा संपला तेव्हा एकतीसपैकी सव्वीस पेपरांत एकाच वाक्याचं एकच चुकीचं उत्तर होतं, शब्दाला शब्द. मी लाल पेन्सिल खाली ठेवली.

ही साठच्या दशकातली, जयपूरची गोष्ट. ह्यांच्या बदलीमुळे आम्ही तिथे गेलो होतो आणि सोडाला भागात भाड्याने राहत होतो. मी मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. एका सरकारी खात्याची बढतीची परीक्षा असे. ती पास झाली की धाकट्या कारकुनाचा थोरला कारकून व्हायचा. त्या वर्षी इंग्रजीचे पेपर तपासायला माझ्याकडे आले होते. पेपरवर नाव नसे, नुसता रोल नंबर.

चौथा प्रश्न होता, वाक्यं दुरुस्त करा. पाच वाक्यं, प्रत्येकात एक चूक, चुकीला दोन मार्क. तिसरं वाक्य असं होतं: ‘द ऑफिसर इज आउट ऑफ स्टेशन सिन्स मंडे.’ म्हणजे साहेब सोमवारपासून बाहेरगावी आहेत. इथे स्टेशन रेल्वेचं नव्हे. सरकारी बोलीत स्टेशन म्हणजे नोकरीचं गाव. मराठीत ‘सोमवारपासून आहेत’ अगदी बरोबर. इंग्रजीत मात्र ‘सिन्स’ आलं की ‘इज’ चालत नाही, ‘हॅज बीन’ लागतं. चूक एवढीच.

सव्वीस जणांनी ‘इज’ला हात लावला नव्हता. त्यांनी ‘स्टेशन’ खोडून ‘हेडक्वार्टर्स’ लिहिलं होतं. साहेब सोमवारपासून हेडक्वार्टर्सच्या बाहेर आहेत!

मी पुन्हा सगळे पेपर चाळले. बाकीच्या चार वाक्यांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाचं एक बरोबर, कुणाची तीन. कॉपी केली असेल, तर एकाच वाक्याची का? शाळेतली दोन व्याकरणं काढली. एकात ‘आउट ऑफ स्टेशन’ हा प्रयोगच शिष्ट इंग्रजी नाही असं निघालं. दुसऱ्यात त्याबद्दल अक्षर नाही. म्हणजे वाक्यात दोन चुका होत्या की काय? मग ‘हेडक्वार्टर्स’ला एक मार्क द्यायचा? माझंच डोकं फिरायची वेळ आली.

नियम असा होता, की सारखी उत्तरं आढळली तर परीक्षकाने कळवायचं. मी चार ओळींची नोट लिहून दिली. तीच मला महागात पडली.

परीक्षा अधिकारी होते सक्सेनासाहेब. माणूस सरळ, पण घाईचा. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“नकल है, बहनजी. सेंटर रद्द करतो. दोन वर्षं कुणी परीक्षेला बसायचं नाही.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

त्यात चाळिशी उलटलेले, पोरंबाळं असलेले लोक असणार. दोन वर्षं बंदी म्हणजे काहींची बढती कायमची गेली. आणि हे सगळं माझ्या चार ओळींवरून. मी विचारलं, “हे लोक बसले कुठे होते?”

त्यांनी बैठकीचा तक्ता काढला. तीन वेगळ्या खोल्या. एक तर दुसऱ्या इमारतीत.

“मग कॉपी कशी होईल?” मी म्हटलं.

त्यांनी तक्ता मिटला. “मग पेपर फुटला.”

“पण साहेब, फुटलेल्या पेपरचं उत्तर तरी बरोबर असतं ना?”

“विकणाऱ्याला इंग्रजी येत नसेल!”

मी फक्त सोमवारपर्यंतची मुदत मागितली. “आपका काम नंबर देना है,” ते म्हणाले. पण मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे ढवळत होते. हे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मनातून ते वाक्य जात नव्हतं, म्हणून सहज विचारलं, “अहो, ‘द ऑफिसर इज आउट ऑफ स्टेशन सिन्स मंडे’, यात काय चूक आहे?”

ह्यांनी मानही वर केली नाही. “स्टेशन नाही, हेडक्वार्टर्स.”

माझा झारा हवेतच राहिला. “का?”

“का म्हणजे? रजेच्या अर्जात स्टेशन लिहिलं की अर्ज परत येतो. परमिशन टु लीव्ह हेडक्वार्टर्स, असंच लिहायचं. पहिल्याच महिन्यात शर्माजींनी माझा अर्ज दोनदा परत केला होता.”

“आणि क्रियापद?”

“क्रियापदाचं काय?”

मी स्टोव्ह बंद केला आणि समोर जाऊन बसले. “हे शर्माजी कोण?”

शर्माजी त्या खात्यातले जुने हेडक्लार्क. जयपुरात आल्यावर हे काही महिने त्यांच्याच इमारतीत बसत, आणि ह्यांचे अर्जही त्यांच्याच टेबलावरून जात. कारकून भरती झाला की त्याला नोटिंग-ड्राफ्टिंग, म्हणजे सरकारी शेरे आणि पत्रं लिहिणं, शर्माजीच शिकवायचे. आता रिटायर होऊन चाकसूला, आपल्या गावी राहत होते.

मी सक्सेनासाहेबांकडून एवढंच काढून घेतलं, की ते सव्वीस जण कुठल्या ऑफिसचे. सगळे शर्माजींच्या ऑफिसचे. उरलेले पाच दुसरीकडचे.

“देखिए!” सक्सेनासाहेब खूश झाले. “मिळून केलं, हे सिद्धच झालं.”

रविवारी आम्ही टोंक रोडची बस पकडून चाकसूला गेलो. शीतलामातेची जत्रा तोंडावर होती, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षकाने असं जाणं नियमात बसत नव्हतं. मी पेपर बरोबर घेतले नाहीत, आणि रोल नंबर सांगायचा नाही असं ठरवलं.

शर्माजी ओट्यावर बसले होते. धोतर, स्वच्छ सदरा, खिशाला दोन पेनं. ह्यांना पाहून उठले. “आइए, आइए.” चहा आला. मी कागदावर ते वाक्य लिहून पुढे केलं.

“शर्माजी, हे जरा दुरुस्त कराल?”

त्यांनी एक पेन काढलं, लाल शाईचं. ‘स्टेशन’वर रेघ मारली, वर सुरेख अक्षरात ‘हेडक्वार्टर्स’ लिहिलं आणि कागद परत दिला. मग मी सगळं सांगितलं. ‘इज’ आणि ‘हॅज बीन’चंही.

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मला वाटलं, आता चिडतील.

“तीस वर्षं,” ते म्हणाले. “तीस वर्षं मी हा शब्द खोडला, बहनजी. शेजारचा कधी पाहिला नाही. माझ्या साहेबांनीही पाहिला नाही. माझ्या शब्दामुळे पोरं चोर ठरणार?”

ह्यांनी म्हटलं, “तुमचा काय दोष?”

“दोष नसेल. पण लिहून तर मीच दिलं पाहिजे.”

ते आत गेले. पाऊण तासाने फूलस्केपवर इंग्रजीत निवेदन घेऊन आले. हा शब्द मीच शिकवला, प्रत्येक कारकुनाला शिकवला, यात कुणाचा काही अपराध नाही, असं. मला म्हणाले, “तपासून द्या. तुमच्यासमोर चूक नको.”

मी वाचलं. तिसऱ्याच ओळीत होतं: ‘आय ॲम टीचिंग धिस सिन्स थर्टी इयर्स.’

पुन्हा तीच चूक! ‘हॅव बीन’ हवं, आणि ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’. शर्माजी माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगावं तर म्हाताऱ्याची पुन्हा शोभा. न सांगावं तर हे असलं पत्र साहेबांपुढे ठेवायचं. माझ्या सबंध नोकरीत मी चूक दिसल्यावर गप्प बसले नव्हते. त्या दिवशी बसले.

“छान आहे,” मी म्हटलं. “सही करा.”

सोमवारी सक्सेनासाहेबांनी ते पत्र एकदा वाचलं. तिसऱ्या ओळीशी थांबून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही दुरुस्त नाही केलं?”

“केलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?”

ते हसले नाहीत. कॉपीची फाइल ओढून तिच्यावर शेरा मारला आणि शिपायाला दिली. सेंटर वाचलं.

त्या वाक्याचे मार्क मात्र मी त्या सव्वीसांतल्या कुणालाच दिले नाहीत. ‘हेडक्वार्टर्स’ चूक नव्हतं, पण विचारलेलंही नव्हतं. सव्वीसपैकी एकोणीस पास झाले. दोघे नेमके दोन मार्कांनी गेले, आणि ते माझ्या मनाला लागलं. पुढल्या वर्षी दोघेही पास झाले असं ह्यांच्याकडून कळलं. शर्माजींना मी ती तिसरी ओळ कधीच सांगितली नाही. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरत नाही.

एका पोराने चूक केली तर पोराकडे बघावं. वर्गाने मिळून तीच चूक केली तर आधी मास्तराकडे बघावं. मी स्वतः मास्तरीण, म्हणून हे सुचायला मला चार दिवस लागले.