ब्रेकची शिट्टी आणि काकांचा तळहात

गॅरेजच्या बाकावर माणूस रिकामा बसला की किस्से गोळा होतातच. नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला भीमराव मिस्त्रींचं, म्हणजे सगळ्यांच्या काकांचं, गॅरेज आहे. मी मास्तर; शाळा सुटली की तिथे चहाला हजर, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर!

* * *

सुरुवात माझ्याच सेकंडहँड गाडीपासून. ब्रेक दाबला की पुढची चाकं अशी किंचाळायची की वर्गातली पोरं आधीच गप्प! मी मोठ्या अकलेने काकांना विचारलं, "थोडं तेल सोडू का?"

"सोडा ना! मंग निर्मलच्या घाटात गाडी कशानं थांबवाल, पायानं?"

त्यांनी पॅड काढले. झिजले नव्हते, पण तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. पॉलिश पेपरने घासले, धूळ काढली, पाठीला जरासं ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी आवाज न करता पोचलो आणि काय काय दिसलं, ते सांगत नाही!

* * *

एका क्लार्कसाहेबांनी दुसरीकडे दोनदा पॅड बदलले, तरी शिट्टी चालूच. काकांनी चाक काढलं. चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली. आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा कोराकरकरीत.

"साहेब, एकटाच राबून राह्यला, दुसरा नुसती हजेरी लावते. तुमच्या ऑफिसात बी असंच हाय का?"

साहेबांनी चहाच्या कपात तोंड घातलं, ते पिन साफ होईपर्यंत वर काढलंच नाही!

* * *

काका गिऱ्हाइकाला गाडी हळू चालवायला लावतात आणि स्वतः मडगार्डवर तळहात ठेवून बाजूने चालतात. लोकांना वाटायचं, मिस्त्रीची स्टाइल! खरं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं. वर्षानुवर्षं ट्रकच्या इंजिनांजवळ राबून त्यांचे कान गेले होते. बोलणं कळायचं, पण ब्रेकची बारीक शिट्टी अजिबात ऐकू येत नव्हती; म्हणून चाकाची थरथर ते तळहाताने ओळखायचे.

"कोणाले सांगू नका, सर. मिस्त्री बहिरा म्हटल्यावर ब्रेक कोण देईन माह्या हातात?"

मी कोणालाच सांगितलं नाही. त्या तळहाताचा मला तेव्हापासून जास्तच आदर वाटतो.

* * *

मग तो दिवस. गावातला टॅक्सीवाला दिलीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन निर्मलला निघाला होता. शिट्टी वाजते म्हणून तो आठवड्यापूर्वी आला, तेव्हाच काकांनी त्याला पॅड बदलायला सांगितलं होतं. गाडीत जोरात गाणी चालू. तो चहापुरता थांबला.

"काका, शिट्टी आपोआप गेली! खर्च वाचला."

गाडी हलली. काकांनी सवयीने मडगार्डवर हात ठेवला आणि ते ओरडले, "थांब! चाक काढतो."

"काऊन? वऱ्हाडाले उशीर होऊन राह्यला. अन् तुमाले तर आवाज ऐकूच येत नाही म्हणतात!"

बाकावरचे सगळे काकांकडे बघायला लागले.

"नाही येत," काका म्हणाले. "चाक काढू दे."

पॅडचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, उरलाच नव्हता. शिट्टी वाजवणारी पत्ती तुटून पडली होती आणि नुसतं लोखंड डिस्कला खात होतं. पुढे घाट होता. दिलीपने गाणी बंद केली आणि तो मागच्या सीटवरच्या लेकरांकडे बघत राहिला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर तीन गाड्या उभ्या. पहिल्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, माह्या गाडीचा काहीच आवाज येत नाही. जरा हात लावून पाहता का?"