आमच्या घरात न वाचलेली ओळ

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये एकदा पुरुषांचं शिबिर भरलं होतं. परदेशातून एक गोरे पाळक आले होते. आमचे हे वाळूजच्या कंपनीत मालाची चढउतार करून नुकतेच रिटायर झालेले, तेही गेले.

घरी आले, चहा दिला तेव्हा म्हणाले, "तिकडचे गडी मर्दपणा शिकायला रानात जाऊन लाकडं फोडतात म्हणं."

"मग रोज सरपण फोडणाऱ्या आमच्या फुलंब्रीच्या बायका मोठ्या मर्दच की!" मी म्हणाले.

हे हसले नाहीत. "बापाचं सांगता सांगता रडला गं तो पाळक. माईकवर. एवढा धिप्पाड माणूस." मग म्हणाले, "घरची प्रार्थना पुरुषानं चालवायची, असं सांगितलंय त्यानं. आज मी वाचणार."

ह्यांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. हे आमच्या दोघांतच होतं. लेकालासुद्धा माहीत नव्हतं. संध्याकाळी बायबल मी वाचायची आणि लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस, बायकोला पुढं करतो.

दिवेलागणीला सगळे बसलो. ह्यांनी चष्मा लावला, मी खूण घातलेलं पान उघडलं आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र सुरू केलं. कुठं अडखळले नाहीत. मी जिथं थांबते, तिथंच थांबत होते. सून आपल्या पुस्तकात बघत होती. ती मध्येच म्हणाली, "मामा, एक ओळ राहिली बघा. मरणाच्या दरीची."

ती ओळ मीच गाळत आले होते. आमची थोरली सहा वर्षांची होऊन गेली, तेव्हापासून ती माझ्या तोंडून निघायची नाही. आणि हे प्रार्थनेला बसायला लागले, ते पोरगी गेल्यावरच.

ह्यांचं बोट पानावर हिंडलं, कुठंच टेकेना. चष्मा जुना झालाय त्यांचा, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात ह्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"मला वाचता येत नाय, बाई. हिच्या तोंडून ऐकलंय तेवढंच येतं."

लेक बघतच राहिला. "मग रोज पेपर घेऊन बसता ते, बाबा?"

"फोटू बघतो."

कुणी हसलं नाही. ह्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "काय हाय गं तिथं? मला कधी ऐकवलं नाहीस."

मी वाचलं, मरणाच्या दरीतून चाललो तरी मी भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस. आवाज फाटला, पण ओळ पुरी केली. हे माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेले.