गुरुवारचे टाळ

पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिला कुठे जाता येईना, म्हणून गल्लीतील बायकांचे गुरुवारचे भजन आमच्याच घरी भरू लागले. मी आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले; ईश्वर आहे की नाही, याचे उत्तर मात्र मला सापडले नाही. त्यामुळे संध्याकाळी भजन सुरू झाले की मी वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसत असे.

एका गुरुवारी टाळ वाजवणारी शेजारीण आली नाही. मूळच्या वैरागच्या एका मावशींनी मला हाक मारली, "सर, टाळ धरा की."

मी दारातच संकोचून उभा राहिलो. "श्रद्धा नसताना तुमच्यात बसणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते."

"आमाला तरी कुटं सगळं कळतंय? ठेका धरा म्हनलं, शपथ घ्या असं न्हाय."

खुर्चीत बसलेली पत्नी हसली. "अहो, आतल्या खोलीत तुमचा पाय दर गुरुवारी ठेका धरतो. इथून दिसतो मला."

मी टाळ घेतले, आणि पहिल्याच अभंगात माझा ठेका साऱ्यांच्या पुढे धावू लागला.

"सर, दमानं! देव मागं राहिला की," मावशी म्हणाल्या. सगळ्याजणी हसल्या, मीही हसलो.

मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सुटल्याखेरीज या घोळक्यात आपल्याला जागा नाही, असे मी समजत होतो. आता गुरुवारचे वर्तमानपत्र मी दुपारीच वाचून ठेवतो.