फुकटचा माणूस

माझ्या नवऱ्याइतका कामात बुडालेला बेकार माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर एक राईस मिल होती. नवरा लग्नाच्या आधीपासून तिथे कामाला होता. धानाची पोती उतरवायची, कोंडा भरायचा, मशीनचा पट्टा घसरला तर चढवायचा. नव्वदच्या नंतर कधीतरी एका उन्हाळ्यात मालकाने फाटकाला कुलूप लावलं आणि सांगितलं, दिवाळीला उघडतो. कोणत्या दिवाळीला ते सांगितलं नाही.

बोलताना मी नवऱ्याला 'तुमी'च म्हणत आले. इथे 'तो' म्हणते, कारण लिहिताना ऐकायला तो जवळ नसतो.

पहिलं वर्षभर तो मिलच्या फाटकापर्यंत जाऊन कुलूप पाहून यायचा. मी धानाच्या रोवण्याला जायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात जायची. घर त्यावर चालत होतं, म्हणजे रांगत होतं. दुसऱ्या वर्षापासून गावाने त्याला कामाला लावलं.

आमच्याकडे लग्न म्हणजे सगळ्या गावाचं काम. घरोघरचे गडी येतात, लाकडं फोडतात, पाणी भरतात, पंगती वाढतात आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतात. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. रीत चांगलीच आहे. फक्त बाकीचे गडी लग्नापुरते यायचे आणि आपापल्या शेतावर, नोकरीवर परत जायचे. माझ्या नवऱ्याच्या मागे रोजच कोणाचं तरी लग्न असायचं. लग्न नसलं तर मयत. मयत नसली तर कोणाच्या घरावर कवेलू चढवायचे, कोणाची हरवलेली म्हैस शोधायची. एखाद्या म्हाताऱ्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचं असलं की घरच्या कोणालाही वेळ नसायचा, याला असायचा. तिथे तो इतक्यांदा बसला की एकदा एक नर्सबाई त्याच्यावरच ओरडली, "चार दिवस कुठी होते जी? न सांगता सुट्टी मारता!" त्याने माफी मागितली आणि स्ट्रेचर ढकललं.

"अजी," मी म्हणायची, "गावाची एवढी सेवा करून राह्यले, एखाद्यानं म्हटलं का तुमच्या कामाचं पाहतो म्हणून?"

"म्हणतेत ना. सगळेच म्हणतेत."

सगळेच म्हणायचे, हे खरं होतं.

तो काम शोधतच नव्हता, असं नाही. दुसऱ्या एका राईस मिलवर गेला, तर तिथल्या मालकाने विचारलं, किती दिवसांपासून घरी आहे? याने खरं ते सांगितलं. मालक म्हणाला, मग अंगातली सवय गेली असेल. त्याच सकाळी हा एकाच्या तेरवीची लाकडं फोडून निघाला होता, पण त्या लाकडांना अनुभव म्हणत नाहीत. एका शाळेत शिपायाची जागा निघाली. संस्थेच्या साहेबांनी चहा पाजला, शाळेची नवी खोली दाखवली आणि सांगितलं की छतावर टिना टाकायच्या राहिल्यात. नवऱ्याला वाटलं टिना चढवायला माणूस पाहिजे. "मी चढवून देतो जी," म्हणाला. साहेबांना टिना विकत घेणारा माणूस पाहिजे होता. घरी येऊन त्याने हे मला सांगितलं तेव्हाही त्याला ते समजलं नव्हतं. मी समजावून सांगितलं.

मग कोणीतरी म्हटलं, मोहर्लीला वाघ पाहायला मोठमोठी माणसं येतात, तिथे हॉटेलं उघडतायत. आमच्या गावातही वाघ आहे, पण तो पाहायचे पैसे कोणी देत नाही. नवरा चंद्रपूरवरून एसटी बदलून मोहर्लीला गेला. मॅनेजरने त्याला पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. उंची चांगली आहे म्हणाला. फाटकावर फेटा बांधून उभं राहायचं, गाडी आली की रामराम करायचा, एवढंच काम. "पण मिशी पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "मिशी वाढवा आणि या."

मिशी काही एसटीने येत नाही. ती ऐटबाज व्हायला जितके दिवस लागायचे तितके लागले. तोपर्यंत पाऊस लागला. जंगल बंद, हॉटेल बंद, मॅनेजर नागपूरला. नवरा मिशी घेऊन परत आला. पारावर लोक म्हणाले, "बाप्पा, मिशी तं झकास दिसते! आता वऱ्हाड आलं का समोर तूच उभा राह्यत जा." आणि खरंच, त्या वर्षीपासून हार घालायच्या कामावर त्यालाच ठेवलं. तेही फुकट.

अशाच एका लग्नात त्याला बिछायतवाल्या चाचाने पाहिलं. तालुक्याच्या गावात या चाचाचं बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, पातेल्यासारखे मोठमोठे गंज, भाजी हलवायचे सराटे, पाण्याचे ड्रम, सगळं भाड्याने द्यायचा. म्हातारा, पांढरी दाढी, आवाज मात्र पोट्ट्यासारखा. सामान मोजून घ्यायला तो स्वतः आला होता. नवरा तेव्हा वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. एकीकडे आचाऱ्याला भात उतरवायला सांगत होता, दुसरीकडे नवरदेवाच्या रुसलेल्या मामाला हात धरून पाटावर बसवत होता.

चाचाने मलाच विचारलं, कारण मी जवळच पत्रावळी पुसत बसले होते. "बाई, तो मिशीवाला कोण आहे? कितने पे रखा है उसको?"

"फुकट ठेवला आहे," मी म्हटलं.

"मजाक मत करो."

"मजाक नाही जी. माझा नवराच आहे."

चाचा म्हणाला, "कल से मेरे पास भेजो. रोजी देईन. सामानासंगं जायाचं, मांडव उभा करायचा, लग्न पार पाडायचं, सामान मोजून वापस आणायचं."

इतक्या वर्षांत 'देईन' हा शब्द आमच्या घराकडे पहिल्यांदाच आला होता.

लग्नसराईचे दिवस होते. नवरा आज या गावाला, उद्या त्या गावाला जाऊ लागला. पहिल्या मजुरीतून मी तेलाचा डबा आणला आणि भाजीवर तेल दिसू लागलं. नवरा ताठ चालायला लागला. मिशी पहिल्यांदा चेहऱ्याला शोभली.

गावाला मात्र हे जड गेलं. शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"तुमचा माणूस तं लय बदलला बाप्पा."

"काऊन?"

"माह्या सासऱ्याले दवाखान्यात न्याचं होतं, तं म्हणते मी कामावर जाऊन राह्यलो."

"मंग तुमचा माणूस कुठी होता?"

"तो तं कामावर होता ना!" ती म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

मग गावच्या सोसायटीच्या अध्यक्षाच्या मुलीचं लग्न ठरलं. अध्यक्ष म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं घर. मांडव, भांडी, सगळं चाचाकडूनच मागवलं. आणि मग अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आला. आजवर आला नव्हता. बसायला खाट दिली, चहा दिला.

"आता तू काय बाहेरचा आहेस का?" तो नवऱ्याला म्हणाला. "माही पोरगी तं तुही पोरगी. मी चाचाले सांगितलं, सामानाचे पैसे घे, माणसाचे लावू नको. माणूस आमच्या घरचाच आहे."

"हो जी," नवरा म्हणाला.

मी आतून म्हटलं, "हो जी काय? दिवसभराची रोजी जाते."

"वहिनी, गावच्या लग्नात कोणी मजुरी घेते का? घेतली असंल तं सांगा."

कोणी घेतली नव्हती. आणि नवऱ्याचा चेहरा असा पडला होता की जणू त्याने अध्यक्षाच्या मुलीचे दागिने मागितलेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही चाचाच्या दुकानात गेलो. नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं की अध्यक्षाच्या घरच्या लग्नात गावाकडून उभा राहीन, रोजी नको.

चाचा चिडला. "लग्नाची तिथी दाट आहे. त्या दिवशी चार गावात सामान जाऊन राह्यलं. माझे सगळे पोरं बाहेर. गाववाला बनून राह्यशील तं माझ्या भांड्यांवर नजर कोण ठेवंल? तू? तुझ्यानं तं कोणाच्या हातातून चमचा वापस मागणं होत नाही. मागच्या लग्नातले दोन गंज कुठी गेले?"

गंज कुठे गेले ते त्याला माहीत होतं. लोक उरलेली भाजी गंजासकट घरी नेत, आणि याला मागायची लाज वाटे.

"देख भाऊ," चाचा म्हणाला, "त्या दिवशी माझा माणूस म्हणून आला तं ठीक. नाई तं मग उद्यापासून येऊ नको. मेरे को आदमी होना, मेहमान नहीं."

नवरा उभाच. एकीकडे इतक्या वर्षांनी लागलेलं काम, दुसरीकडे अख्खं गाव. मला दिसत होतं की तो गावाकडे झुकणार. झुकायचीच त्याला सवय होती.

"चाचा," मी म्हटलं, "तुमाले भांड्यांवर नजर ठेवणारं कोणी पाहिजे ना? बाई चालंल का?"

"कोणती बाई?"

"मी."

"सामान जड राह्यते, बाई."

"मिलची पोती यांनी उचलली. रोवण्याच्या पेंढ्या, जंगलातली लाकडं आणि घरी हे स्वतः, सगळं मीच उचललं."

चाचा हसला. मग विचारलं, "गाववाल्यांचं काय? मजुरी घेता येत नाही ना तुमच्यात?"

"गड्यांना घेता येत नाही. बायांचं कोणी ठरवलं नाही. ठरवायची वेळच आली नव्हती."

लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या मागे, भांड्यांच्या ढिगाजवळ चाचाच्याच लोखंडी खुर्चीवर बसले. नवरा मिशीला पीळ देऊन फुकट पंगती वाढत होता. मी पगारी होते. अध्यक्षाने पाहिलं आणि थांबला.

"वहिनी, इथी काऊन बसल्या? बायकांत जा ना, हळद-कुंकू सुरू आहे."

"कामावर आहे जी."

"कोणाच्या?"

"चाचाच्या. तुमच्या पैशातूनच देणार आहे तो."

मांडवात वऱ्हाड बसलेलं होतं, तो तिकडे वळला. नवरा रिकामी बादली घेऊन आला. "गंज द्या जी एक," मला म्हणाला. घरी मला 'अवं' म्हणतो. मी गंज दिला आणि सांगितलं, रिकामा झाला की इथेच आणून ठेवायचा, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही. "हो," म्हणाला आणि खरंच आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी भरताना तीन गंज आणि एक सराटा कमी. मी पदर खोचला आणि गावात फिरले. शेजारणीकडे एक निघाला, त्यात तिने बुंदी झाकून ठेवली होती. मी बुंदी तिच्या परातीत ओतली आणि गंज घेतला. ती म्हणाली, "एवढी काय घाई बाप्पा?" दुसरा पोस्टमनच्या घरी. तिसरा आणि सराटा अध्यक्षाच्याच स्वयंपाकघरात, फळीवर, घासूनपुसून, जणू पिढ्यानपिढ्या तिथेच होते. मी गंजाच्या बुडावर खोदलेलं चाचाचं नाव अध्यक्षाच्या बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आमचं लक्षच नाई गेलं." मी म्हटलं, "माझं गेलं ना, झालं मग."

चाचाने सामान मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्या हातावर रोजी ठेवली. नवरा सोबत आला होता, दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"परसों फिर है," चाचा मला म्हणाला. "नागभीडच्या बाजूले. ट्रक सहाला निघते. याल ना बाई?"

"येईन."

नवऱ्याने घसा साफ केला. "मी बी येऊ का?"

चाचाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रोजी घेऊन येत असाल तं या. कोणाच्या दारात जाऊन गंज मागावा लागंल, तोही मागा. फुकट याचं असंल तं घरी राहा आणि भात लावा."

गावात माझ्याबद्दल बोलणं झालंच. बाई ट्रकवर बसून जाते, परक्याच्या लग्नात मजुरी घेते, नवऱ्याला घरी बसवलं. घरी त्याला मिलच्या मालकाने बसवलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

नागभीडकडच्या लग्नाच्या दिवशी तो आला नाही. सकाळीच कोणीतरी त्याला बैल शोधायला बोलवायला आलं होतं. "आज नाई जमत, घरी काम आहे," असं नवरा त्या माणसाला सांगत होता, ते मी अंगणातून ऐकलं आणि ट्रकवर जाऊन बसले.

अंधार पडता पडता परत आले तेव्हा चुलीवर भात होता. खाली लागलेला, वर कच्चा. मी जेवले आणि काही बोलले नाही. नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बोलत नाहीत.