दहापर्यंत टिकणारं बोट

त्याचं नाव मी विचारलंच नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धंतोलीतल्या आमच्या छपाईच्या दुकानात नवा कॉम्प्युटर आला होता आणि तो मला फार हळू वाटायचा. वेग वाढवून देणारा एक मेकॅनिक आहे असं कळलं, म्हणून डिसेंबरात त्याला बोलावलं.

त्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली. आत चकचकीत क्रिस्टल होते, ज्यांच्या ठोक्यावर कॉम्प्युटर चालतो ते. खाचेतला मूळ क्रिस्टल उपटून त्याने जास्त वेगाचा बसवला, मशीन सुरू केलं, मुख्य चिपवर बोट टेकवलं आणि डोळे मिटून मोजू लागला. वेग वाढला की चिप तापते; दहापर्यंत बोट टिकलं तर चिपही टिकते, हा त्याचा नियम.

बोट टिकलं. मी म्हटलं, अजून वाढवा. त्याने आणखी वेगाचा बसवला, पण सहालाच बोट उचललं.

"छान चालतंय की," मी म्हणालो.

"चालून राहिलं जी, पण त्याले डिसेंबर चालवून राहिला. मे महिन्यात काय करसान?" असं म्हणत त्याने दहापर्यंत टिकलेला आधीचा क्रिस्टल परत बसवला. "याच्यावर वेग पाहिजे असन तर दुसरी मशीनच घ्या, भाऊ."

मे महिन्यात, कूलर सुरू असूनही, एका दुपारी मशीन अडकलं. झाकण उघडलं तर आतून मूळ क्रिस्टल चिकटपट्टीने लावलेला आणि खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं: "घाबरू नका. जुना लावा. दिवाळीनंतर बदला."

मी जुना लावला आणि चिपवर बोट टेकवून दहापर्यंत मोजलं. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण मिटले.